दोर पाण्यावरचा, गाठ ओल्या हाताने सुटणारी
कयाक चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सोलापुरातल्या आमच्या दुकानात मुख्यतः कासरे, दावी, चऱ्हाटे आणि उसाच्या ट्रॉलीला लागणारे दोर विकले जातात. गेल्या काही वर्षांत एक नवा ग्राहक येऊ लागला आहे. गाडीच्या टपावर कयाक, म्हणजे एकदोघांनी वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, टाकून सुट्टीच्या दिवशी उजनी धरणाच्या फुगवट्याकडे निघालेली ही मंडळी जाता जाता आमच्याकडे थांबतात आणि म्हणतात, "चांगला मजबूत दोर द्या." त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. मजबुतीचा प्रश्न आम्ही सगळ्यात शेवटी बघतो. आधी दोन गोष्टी विचारतो : दोर पाण्यावर तरंगतो का, आणि त्याला मारलेली गाठ ओल्या हाताने सुटते का?

बादलीतले दोन तुकडे

गल्ल्याशेजारी आम्ही पाण्याने भरलेली बादली ठेवतो. नायलॉनचा वीतभर तुकडा आणि पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे ज्याला आपण पीपी म्हणतो त्याचा, तेवढाच तुकडा तिच्यात टाकतो. नायलॉन क्षणभर पृष्ठभागावर राहतो, बुडबुडे सोडतो आणि तळाला जाऊन बसतो. पीपी वरच राहतो, दाबून खाली नेला तरी हात काढताच वर येतो. कारण सरळ आहे. पीपी पाण्यापेक्षा हलका, नायलॉन जड आणि पॉलिएस्टर त्याहूनही जड. सुती दोर तर पाणी पिऊन फुगतो आणि त्याची गाठ दगड होते.

नायलॉन वाईट नाही. तो ताणतो, धक्का सोसतो, विहिरीवर आणि ओझ्याला त्याच्यासारखा दुसरा दोर नाही. पण पाण्यात पडलेल्या माणसाकडे फेकलेला नायलॉन त्याच्या हाताला लागण्याआधीच खाली जातो, आणि खाली गेलेला दोर पायात, वल्ह्यात किंवा बुडालेल्या बाभळीत अडकतो. उजनीच्या काठाकाठाने पाण्याखाली झाडे आहेत, जुन्या वस्त्यांचे अवशेष आहेत आणि मच्छीमारांची जाळी आहेत. पाणी उतरले की पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर वर येते, हे आपण सगळे जाणतो. तसे बरेच काही धरण भरल्यावर दिसेनासे होते. म्हणून कयाकसाठी पीपीच घ्या, पिवळा किंवा नारंगी, लांबून दिसणारा.

निरगाठीची गोष्ट

ही आमच्याच घरातली आहे. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर मी आणि माझा भाचा दोन कयाक घेऊन उतरलो होतो. भाचा दमला, म्हणून त्याच्या कयाकचे नाक माझ्या कयाकच्या मागच्या कडीला नायलॉनच्या दोराने बांधले. गाठ कसली म्हणाल तर निरगाठ, वर आणखी एक निरगाठ. दोरांचा धंदा करणाऱ्याने एवढा विचार करायला हवा होता. दुपारी चारच्या सुमारास वळवाचा वारा उठला. मागची कयाक वाऱ्याला आडवी झाली आणि तिच्या ओढीने माझीही फिरली. आता दोघेही सुटे झाल्याशिवाय कोणीच सरळ होणार नव्हते. मी मागे वळून गाठ सोडायला गेलो. ओली होऊन ताणलेली ती गाठ चिंचोक्यासारखी टणक झाली होती. नखे मोडली, दात लावले, तरी एक पदर ढिला झाला नाही. चाकू जवळ नव्हता. वाऱ्यानेच आम्हाला उथळ पाण्यात लोटले म्हणून दोघे पायावर उभे राहिलो. अंगात लाइफ जॅकेट होते, हेही खरे.

घरी आल्यावर आई एवढेच म्हणाली, "सोडता येत नसंल तर बांधू नगंस." तेव्हापासून कयाकचा दोर घेणाऱ्याला आम्ही चाकूविषयी विचारल्याशिवाय पाठवत नाही. चाकू बोथट टोकाचा असावा, म्हणजे रबर किंवा अंग फाटणार नाही, आणि तो जॅकेटवर एका हाताने काढता येईल अशा जागी असावा. डब्यात किंवा पिशवीत ठेवलेला चाकू घरी ठेवल्यासारखाच आहे.

दोर ओढून नेण्यासाठी बांधायचाच असेल, तर कमरेला एका झटक्यात सुटणारा पट्टा मिळतो, तो वापरा. दोराची गाठ स्वतःच्या अंगाला कधीही मारू नका. मनगटाला वेढा देऊन तर दोर धरूच नका. ताण आला की तो वेढा तुमच्या इच्छेने सुटत नाही.

गाठी : मागावरची एक, खुंट्यावरची एक, ताडपत्रीवरची एक

सोलापूरकराला गाठी नव्याने शिकवाव्या लागत नाहीत, त्याला फक्त आठवण करून द्यावी लागते. पूर्व भागातले एक अण्णा आमच्याकडे येतात. त्यांची सगळी हयात यंत्रमागावर गेली. त्यांना आम्ही कयाकच्या दोन दोरांची जोडगाठ दाखवली. त्यांनी दोर हातात घेतला, आमच्या आधी गाठ मारली आणि म्हणाले, "ही तर आमची." ताण्याचा धागा तुटला की विणकर चुटकीसरशी जी गाठ मारतो, तीच ही. इंग्रजी पुस्तकांत तिला शीट बेंड म्हणतात, आम्ही विणकर गाठ म्हणतो. एका दोराचा दुमडलेला भाग घ्या. दुसऱ्याचे टोक त्या दुमडीतून खालून वर काढा, दुमडीच्या दोन्ही पदरांच्या मागून वळवा आणि स्वतःच्याच दोराखाली खोचा. जाड आणि बारीक दोर एकमेकांना जोडायला ही उत्तम. जाड दोराची दुमड करायची, बारीक दोराने वेढा द्यायचा. पीपी गुळगुळीत असतो, म्हणून वेढा एक नको, दोन द्या.

गंमत पुढे आहे. बोलाईन, म्हणजे ट्रेकर मंडळींची आवडती न सरकणाऱ्या फासाची गाठ, हिची घडण विणकर गाठीसारखीच असते. तिथे दोन दोर असतात, इथे एकाच दोराची दोन टोके. मूळ दोर समोर ठेवा. मोकळ्या टोकाकडची बाजू मूळ दोराच्या वर येईल असा छोटा वेढा करा. टोक त्या वेढ्यातून खालून वर काढा, मूळ दोराच्या मागून फिरवा आणि परत त्याच वेढ्यातून खाली सोडा. मग आवळा. आठ मिलिमीटरच्या दोरात टोक किमान १० सेंटीमीटर शिल्लक राहायला हवे. कडी, झाड, वल्हे, कशालाही फास घालायचा तर ही गाठ घ्या. कितीही ताण येऊन गेला तरी नंतर ती सुटते.

पण बोलाईनची दोन लक्षणे ध्यानात असू द्या. ताण नसताना, हलत राहिलेल्या दोरात ती हळूहळू ढिली होते. म्हणून मोकळ्या टोकाची एक साधी गाठ फासाच्या पदराला मारून ठेवा. दुसरे असे की ताण चालू असताना ती सोडता येत नाही. जिथे भरल्या ताणात दोर सोडावा लागण्याची शक्यता आहे, तिथे बोलाईन नको. तिथे खुंट्याला दोन पूर्ण वेढे आणि त्यावर सुरगाठ.

चंद्रभागेच्या वाळवंटात होड्या बांधलेल्या कधी निरखून बघा. सगळा जोर खुंट्याभोवतीचे वेढे घेतात, गाठ नुसती राखण करते. शेवटच्या गाठीत टोक पूर्ण ओढून न घेता त्याची दुमड आत ठेवली की झाली सुरगाठ. पायजम्याच्या नाडीला आपण रोज हेच करतो. ओढले की सुटली. फक्त लोंबते टोक लहान मुलाच्या किंवा शेळीच्या आवाक्यात राहू देऊ नका.

गाडीच्या टपावर कयाक आवळायला ट्रकवाले ताडपत्री आवळतात ती गाठ. दोराच्या मध्यावर एक फास काढा, टोक खालच्या दांड्यातून घेऊन परत त्या फासातून वर काढा आणि ओढा. ओढणाऱ्याच्या हाताचा जोर जवळजवळ तिप्पट व्हायला हवा. घर्षणात काही भाग जातो, तरी प्लास्टिकची कयाक चेपायला तो पुरेसा आहे. तेव्हा अंगाचे सगळे बळ लावू नका. पुण्याच्या हायवेवर ट्रक शेजारून जाताना वारा कयाकचे नाक वर उचलतो, म्हणून नाकाचा दोर बंपरकडे वेगळा बांधा. मोहोळ आले की उतरून एकदा दोर हाताने दाबून बघा.

गाठ कोणतीही असली तरी दोराची ताकद कमी होते, गाठीप्रमाणे पाव ते निम्म्यापर्यंत. म्हणून जेमतेम पुरेल असा दोर घेऊ नका.

फेकायची पिशवी

थ्रो बॅग म्हणजे आत १५ ते २० मीटर पीपीचा दोर कोंबलेली पिशवी. दोर आठ किंवा दहा मिलिमीटरचा असावा. त्याहून बारीक दोर ओल्या हातातून निसटतो आणि कापतो. दोराची गुंडाळी करून ठेवू नका, मूठमूठ कोंबा. गुंडाळलेला दोर हवेत पीळ घेतो, कोंबलेला सरळ उलगडतो.

फेकण्याआधी पाण्यातल्या माणसाला मोठ्याने हाक द्या : "दोर!" त्याची नजर तुमच्याकडे येऊ द्या. पिशवीचे तोंड सैल करा, मोकळे टोक एका हातात धरा, त्याचा वेढा मात्र मनगटाला नको. पिशवी माणसाच्या अंगावर नव्हे, त्याच्या डोक्यावरून पलीकडे टाका, म्हणजे दोर त्याच्या छातीवर आडवा पडेल. पाण्यातल्याने दोर धरायचा, पिशवी नव्हे. मग पाठीवर होऊन दोर खांद्यावरून घ्यायचा, तोंड आकाशाकडे. ओढ येण्याआधी फेकणाऱ्याने खाली बसावे, नाहीतर तोच पाण्यात ओढला जातो. पहिला नेम चुकला तर पुन्हा कोंबत बसू नका. दोर भराभर ओढून घ्या, पिशवीत थोडे पाणी भरा आणि त्याच वजनाने पुन्हा फेका.

हे वाचून येत नाही. होम मैदानावर सकाळी चप्पल ठेवून तिच्यावर ५० वेळा फेकून बघा. आमच्या अनुभवात पहिल्या दिवशी बहुतेकांची पिशवी उजवीकडेच जाते. नवशिक्याचा १० मीटरचा सरळ नेम हा चांगला नेम.

वाहत्या पाण्याविषयी एकच सांगतो. भीमेला विसर्ग सुटलेला असताना कयाक नको, कोणत्याही गाठीच्या भरवशावर नको. आणि दोर हा जॅकेटचा पर्याय नाही. २१ मे २०२४ रोजी कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जणांचा जीव गेला. हा तोच फुगवटा आहे आणि वळवाचा वारा तिथे सांगून येत नाही. उन्हाळ्यात दुपारनंतर पाण्यात राहू नका. पाण्यात उतरायला परवानगी लागते का तेही आधी स्थानिक चौकशी करून बघा.

सोलापूरचे ऊन आणि दोर

पीपीला पाणी खात नाही, ऊन खाते. महिनोन्‌महिने टपावर बांधून ठेवलेला दोर चोळला की हाताला पांढरी भुकटी लागते. तो दोर गाडीलाही नको, माणसाला तर नकोच. वापर झाल्यावर साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा आणि पूर्ण वाळल्यावरच पिशवीत कोंबा. कापलेले टोक मेणबत्तीवर वितळवून बंद करा, पण वितळलेला थेंब बोटाने दाबू नका. तो कातडीला चिकटतो.

रविवारी सकाळी आठ ते दहा दुकानासमोरच्या ओट्यावर गाठींचा सराव असतो. शुल्क नाही, आमच्याकडूनच दोर घेतला पाहिजे असेही नाही. घरातला दोन मीटरचा कोणताही दोर आणि थ्रो बॅग असेल तर ती घेऊन या. आधी कोरड्या हाताने बांधायचे, मग हात आणि दोर बादलीत बुडवून, डोळे मिटून सोडायचे.