युलिया तिमोशेन्को : वायूभोवती फिरलेली कारकीर्द

दोनदा युक्रेनच्या पंतप्रधान झालेल्या युलिया तिमोशेन्को यांची कारकीर्द समजून घ्यायची, तर सुरुवात निवडणुकांपासून नव्हे, नैसर्गिक वायूपासून करावी लागते. सोव्हिएत काळात युरोपकडे नेलेल्या मोठ्या वायुवाहिन्या १९९१ नंतर स्वतंत्र युक्रेनच्या भूमीत राहिल्या. पण त्यांतून वाहणारा वायू बहुतांशी रशियातून येत होता आणि युक्रेनचे पोलाद व रसायनांचे कारखाने त्याच्यावरच चालत होते. कारखान्यांकडे रोकड नव्हती, म्हणून वायूच्या बदल्यात माल देण्याची पद्धत रूढ झाली आणि या देवघेवीतले मध्यस्थ गबर झाले.

१९६० साली द्निप्रोपेत्रोव्स्क येथे जन्मलेल्या आणि अर्थशास्त्र शिकलेल्या तिमोशेन्को अशाच एका मध्यस्थ कंपनीच्या प्रमुख होत्या. त्यांच्याच प्रांतातले पाव्लो लाझारेन्को १९९६ मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा कंपनीची भरभराट झाली आणि १९९७ मध्ये ते पायउतार होताच तिला उतरती कळा लागली. हेच लाझारेन्को पुढे काळा पैसा पांढरा केल्याबद्दल अमेरिकेत दोषी ठरले.

१९९९च्या अखेरीस पंतप्रधान व्हिक्तोर युश्चेन्को यांच्या सरकारात त्या इंधन व ऊर्जा खात्याच्या उपपंतप्रधान झाल्या. ज्या मालाच्या अदलाबदलीतून त्यांना पैसा मिळाला होता, तीच मोडून रोखीने वसुली करण्याचा आग्रह त्यांनी धरला. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतले हे सर्वांत टिकाऊ काम म्हणावे लागेल. दुखावलेले हितसंबंध बलाढ्य होते. जानेवारी २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष कुच्मा यांनी त्यांना पदावरून काढले आणि पुढच्याच महिन्यात त्यांना अटक झाली. ४२ दिवसांनी सुटून आल्या तेव्हा त्या विरोधकांच्या नेत्या झाल्या होत्या.

२००४च्या नारंगी क्रांतीनंतर, म्हणजे निवडणुकीतील गैरप्रकारांविरुद्धच्या जनआंदोलनानंतर, युश्चेन्को राष्ट्राध्यक्ष झाले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये त्या पंतप्रधान झाल्या, पण युश्चेन्को यांच्याशी बिनसल्याने सप्टेंबरमध्येच त्यांचे सरकार बरखास्त झाले. डिसेंबर २००७ मध्ये त्या परतल्या त्या संसदेतील ४५० पैकी नेमक्या २२६ मतांवर, म्हणजे बहुमताच्या अगदी काठावर.

जानेवारी २००९ मध्ये ऐन हिवाळ्यात रशियाचा युक्रेनमार्गे युरोपला जाणारा वायू जवळपास दोन आठवडे बंद राहिला. तिमोशेन्को यांनी पुतिन यांच्याशी बोलणी केली आणि १९ जानेवारीला दहा वर्षांचा करार झाला. त्यातून रोसउक्रएनेर्गो ही मध्यस्थ कंपनी बाहेर पडली, ही जमेची बाजू; मात्र ४५० डॉलर हा दर हजार घनमीटरचा पायाभूत भाव आणि वर्षाला ५२ अब्ज घनमीटर खरेदीचे प्रमाण देशाला फार जड गेले. करारावर टीका व्हायलाच हवी होती, परंतु सत्ताधाऱ्याच्या धोरणात्मक निर्णयाची शिक्षा मतदारांनी द्यायची असते, फौजदारी न्यायालयाने नव्हे.

घडले ते उलटे. फेब्रुवारी २०१० मध्ये व्हिक्तोर यानुकोविच यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांना साडेतीन टक्क्यांच्या फरकाने हरवले आणि ऑक्टोबर २०११ मध्ये याच करारात अधिकारांचा गैरवापर केल्याच्या आरोपावरून त्यांना सात वर्षांची कैद झाली. खटल्यादरम्यानची त्यांची कोठडी मनमानी होती, असा निकाल युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. २२ फेब्रुवारी २०१४ रोजी, यानुकोविच सत्तेवरून गेले त्याच दिवशी, त्यांची सुटका झाली आणि चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी यानुकोविचविरोधी आंदोलकांनी भरलेल्या कीव्हच्या मैदानात भाषण केले. पण मैदानात जमलेली पिढी आता वेगळे चेहरे शोधत होती. त्याच वर्षीच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांना १३ टक्क्यांहून कमी मते पडली आणि २०१९ मध्ये त्या तिसऱ्या राहिल्या. त्याच २०१९च्या अखेरीस वायूच्या त्या कराराची मुदतही संपली.