क्षार धातूंचे अंतर्वेशन

पापुद्र्यांसारख्या थरांनी बनलेल्या स्फटिकात लिथियम, सोडियम, पोटॅशियम अशा क्षार धातूंचे अणू दोन थरांमधल्या फटीत शिरतात, त्याला अंतर्वेशन म्हणतात. एका थरातले अणू एकमेकांना घट्ट बांधलेले असतात. दोन थरांमधली ओढ मात्र क्षीण असते. त्यामुळे थर न मोडता फट रुंदावते.

मराठवाड्यातल्या वाचकाला यातले अर्धे पायाखालीच सापडेल. इथल्या काळ्या भारी जमिनीतले स्मेक्टाइट हे खनिज थरांचेच. थरांत पाणी शिरले की जमीन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. सोडियम वाढला की जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी, होते आणि जिप्सम टाकून त्याच्या जागी कॅल्शियम आणावा लागतो. साम्य इथेच संपते. जमिनीतल्या सोडियमने आपला इलेक्ट्रॉन आधीच गमावलेला असतो, म्हणून तो मातीची घडण बिघडवतो, पण तिच्या इलेक्ट्रॉनांत भर घालत नाही. धातूचा अणू मात्र बाहेरच्या कक्षेतला एकुलता इलेक्ट्रॉन सोबत आणतो आणि थराला देऊन टाकतो. पुढचे बहुतेक बदल या देण्यातून घडतात.

ग्रॅफाइटमध्ये तर ते डोळ्यांना दिसतात. त्यात मोकळे इलेक्ट्रॉन फार थोडे असतात. पोटॅशियमच्या वाफेत ते तापवले की दर 8 कार्बन अणूंमागे 1 पोटॅशियम सामावतो, थरांमधले अंतर 0.335 नॅनोमीटरवरून सुमारे 0.535 नॅनोमीटर होते आणि काळे ग्रॅफाइट सोनेरी दिसू लागते. एक फट सोडून एक भरली, तर रंग निळा. मोकळ्या इलेक्ट्रॉनांची संख्या बदलली की कोणता प्रकाश परावर्तित होईल तेही बदलते. एका थरातून दुसऱ्यात वीज जाणे पूर्वी अवघड होते, तेही कित्येक पटींनी सोपे होते. सोनेरी संयुग हवेत पेट घेते, म्हणून ते निर्वात किंवा निष्क्रिय वायूत हाताळतात. 1965 मध्ये त्यात अतिसंवाहकता, म्हणजे कसलाही अडथळा न होता वीज वाहणे, आढळली, तीही 1 केल्व्हिनच्या (सुमारे उणे 272 अंश सेल्सिअसच्या) खाली. साध्या दाबाला ग्रॅफाइट अतिसंवाहक नाही, पोटॅशियमही नाही. म्हणूनच हा शोध मोलाचा.

मॉलिब्डेनम डायसल्फाइड हा अर्धसंवाहक. त्यात लिथियम भरला की वाढीव इलेक्ट्रॉनांमुळे मॉलिब्डेनमभोवतीची गंधकाची मांडणीच बदलते आणि पदार्थ धातूसारखा वीज वाहू लागतो.

लिथियम कोबाल्ट ऑक्साइडमध्ये उलटे घडते. पूर्ण भरलेले असताना ते वीज जवळजवळ वाहत नाही. थोडा लिथियम काढून घेतला की धातूसारखे वागते. मोबाइल चार्जिंगला लावला की अनेक बॅटऱ्यांत हेच चालू असते: तिथून निघालेला लिथियम पलीकडच्या ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतो.