के-२२ (नेमबाजीचे रिव्हॉल्व्हर)

के-२२ : स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीचे (२०२३ पर्यंत मुख्यालय स्प्रिंगफील्ड, मॅसॅच्युसेट्स) .२२ लाँग रायफल काडतुसाचे सहाबारी रिव्हॉल्व्हर. ‘के’ हे कंपनीच्या मध्यम फ्रेमचे (सांगाड्याचे) अक्षर असून १८९९ च्या .३८ ‘मिलिटरी अँड पोलीस’ रिव्हॉल्व्हरपासून ती फ्रेम चालत आली. हाताला .३८ चाच अंदाज राहावा आणि काडतूस स्वस्त पडावे, हा के-२२ चा उपयोग नेमबाजांना परिचित आहे.

पहिला प्रकार ‘आउटडोअर्समन’. त्याचा आरंभ काही संकलक १९३० मध्ये, तर बहुतेक १९३१ मध्ये धरतात. १९४० पर्यंत सुमारे १९,५०० नग झाले असावेत. त्याच वर्षी कमी अंतर फिरणारा हॅमर (घोडा) आणि टकटक आवाज करत सरकणारी, नेम धरण्याची मायक्रोमीटर साइट घेऊन दुसरा प्रकार आला. दुसऱ्या महायुद्धाच्या मागणीपुढे तो लवकरच थांबला. नगसंख्या हजाराच्या थोडी वर सांगितली जाते. युद्धानंतरच्या प्रकाराचे ‘मास्टरपीस’ हे नाव संग्राहक त्यालाही लावतात, त्यामुळे ‘पहिला मास्टरपीस’ कोणता यावर घोळ होतो. युद्धोत्तर मालिकेला वेगळे अनुक्रमांक मिळाले असल्याने १९४० च्या प्रकाराला पूर्वरूप मानणे अधिक सोयीचे दिसते.

युद्धोत्तर ‘के-२२ मास्टरपीस’चे वर्षही १९४६ व १९४७ असे दोन्ही आढळते. पहिली रिव्हॉल्व्हरे १९४६ च्या अखेरीस कारखान्याबाहेर पडली, सर्वसाधारण विक्री मात्र पुढच्या वर्षीची. प्रस्तुत नोंदीत पहिले वर्ष ग्राह्य धरले आहे. क्रमांक के१०१ पासून सुरू झाले. पुढे के-३२ व के-३८ ही त्याच फ्रेमची .३२ व .३८ काडतुसांची रिव्हॉल्व्हरे हीच मालिका वापरू लागल्याने, क्रमांकांतील फरकावरून के-२२ चे उत्पादन मोजता येत नाही. युद्धपूर्व नगांची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे, कारण त्यांचे क्रमांक .३८ च्या मालिकेतच मिसळलेले आहेत. शिवाय क्रमांक फ्रेमवर आधी ठोकला जाई, आणि फ्रेमा क्रमानेच जोडल्या जात असे नाही. म्हणून लहान क्रमांकाचे रिव्हॉल्व्हर नंतर रवाना झालेले आढळू शकते. कंपनीच्या दप्तरावरून मिळणारे पत्रही रवानगीची तारीख देते, घडणीची नव्हे. विक्रीच्या जाहिरातींत हा फरक सहसा पाळला जात नाही.

दप्तराचा आधार नसेल तेव्हा बाह्य खुणा पाहाव्यात. सुरुवातीच्या नगांत फ्रेमला पाच स्क्रू असत : बाजूच्या पत्र्यावर चार आणि ट्रिगर-गार्डसमोर एक. पत्र्यावरचा वरचा स्क्रू १९५५ च्या सुमारास गेला, ट्रिगर-गार्डसमोरचा १९६० नंतर लवकरच. नळीवरची अरुंद पट्टीही आरंभीच्या वर्षांची मानतात, पण जुने सुटे भाग नंतरही वापरले गेल्याची शक्यता असल्याने केवळ तिच्यावर भिस्त ठेवू नये. १९५७ मध्ये कंपनीने प्रकारांना आकडे दिले, तेव्हा के-२२ ‘मॉडेल १७’ झाले. त्याआधीच्या नगांना बाजारात ‘प्री-१७’ म्हणतात. हे नाव कंपनीचे नव्हे.