गोचीड ताप (कुत्र्यांचा)

गोचिडीच्या चाव्यातून कुत्र्याच्या रक्तात शिरणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे होणारे ताप. गाईगुरांच्या थायलेरियासिसलाही खेड्यांत हेच नाव आहे. सिंधुदुर्ग व गोव्यातील माकडताप मात्र वेगळा. तो विषाणूमुळे होतो आणि त्याची गोचीडही निराळी. कुत्र्यांत मुख्य रोग दोन: एर्लिकिया कॅनिस या जिवाणूचा (प्रथम नोंद अल्जीरियात, १९३५) आणि बबेसिया या एकपेशीय आदिजीवाचा.

बबेसिया गिब्सोनाय ही जाती भारतातच प्रथम वर्णिली गेली. पॅटन यांनी १९१० मध्ये मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या आणि पुढे कोल्ह्यांच्या रक्तात ती नोंदवली. तिचा वाहक कोण, याविषयी मतभेद आहेत. सेन (१९३३) यांनी तपकिरी श्वानगोचिडीकडे (ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस) बोट दाखवले. स्वामिनाथ व शॉर्ट (१९३७) यांनी हीमॅफिसॅलिस बायस्पिनोसा ही जाती पुढे केली. ही दुसरी मुख्यतः गुरांवर आढळते. शहरातल्या घरबंद कुत्र्याचा गुरांशी संबंध येत नाही, म्हणून तेथे पहिले मत अधिक पटते. तथापि कुत्र्यांच्या भांडणातील चाव्यांतून हा रोग गोचिडीविनाही पसरतो, हे लक्षात घ्यावे लागते. त्यात श्वानगोचिडीची ओळखच अलीकडे बदलली आहे. उष्ण प्रदेशांतील तिचा वंश स्वतंत्र असून त्याला ऱ्हिपिसेफॅलस लिनिआय म्हणावे, असे २०२१ मध्ये सुचवले गेले. एर्लिकियाचा प्रसार प्रामुख्याने हाच वंश करतो असे दिसते. त्यामुळे जुन्या नोंदी जपून वाचाव्या लागतात.

श्वानगोचिडीच्या सहा पायांच्या डिंभापासून (अंड्यातून निघालेल्या पिल्लापासून) प्रौढापर्यंत तिन्ही अवस्था कुत्र्यावरच पोसतात, पण रक्त पिऊन झाले की प्रत्येक वेळी ती अंगावरून गळून पडते. मग भिंतीवर चढून चौकटीच्या फटीत दडते, कात टाकते, मादी तेथेच हजारो अंडी घालते. म्हणूनच नुसत्या कुत्र्याला औषध लावून भागत नाही; फटी बुजवाव्या लागतात, अंथरूण गरम पाण्यात धुवावे लागते.

रोज कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, काखेत आणि पट्ट्याखाली बोटे फिरवून पाहावे. रक्ताने फुगलेली मादी राखाडी, एरंडाच्या लहान बीसारखी लागते. एरंडाच्या शास्त्रीय नावातील ‘रिसिनस’ हा लॅटिन शब्द गोचिडीचाच आहे. चिमट्याने तिला कातडीलगत धरून सरळ वर ओढावे. रॉकेल, तेल किंवा पेटती काडी कधीही वापरू नये.

गोचीड मारणाऱ्या आयसोक्सॅझोलीन गटातील गोळ्या प्रभावी आहेत, पण गोचीड चावल्यावरच मरते आणि प्रयोगात एर्लिकियाचा संसर्ग तीन तासांतही झालेला आढळला. म्हणून जोडीला गोचीड दूर ठेवणारा पट्टा किंवा मानेवर टाकायचे थेंब उपयोगी पडतात. फेफरे येणाऱ्या कुत्र्याला या गोळ्या पशुवैद्याला विचारूनच द्याव्यात. कुत्र्यासाठीचे परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराला लावणे जिवावर बेतते.

ताप, अन्नावरची वासना जाणे, पांढुरक्या हिरड्या, नाकातून रक्त, प्लेटलेट घटणे ही लक्षणे होत. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक साधारण २८ दिवस देतात. चौथ्या-पाचव्या दिवशी कुत्रे खाऊ लागले म्हणून ते बंद करणे घातक. जिवाणू शरीरात दडून राहतो व काही महिन्यांनी अस्थिमज्जा निकामी करू शकतो. बबेसिया गिब्सोनायवर डायमिनाझीन हे जुने औषध अनेकदा अपुरे पडते. तेथे ॲटोव्हाक्वोन व ॲझिथ्रोमायसिन एकत्र देतात.