डिप्लॉयमेंट अहवालाची एपीआय क्वेरी

सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती कोणत्या सर्व्हरवर कधी चढवली आणि ती तिथे नीट चालू झाली का, याच्या नोंदी ठेवणाऱ्या सेवेकडून त्या नोंदी प्रोग्रॅममार्फत मागवण्याची पद्धत. एपीआय म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी बोलण्याचे ठरलेले नियम. डिप्लॉयमेंट आणि क्वेरीसाठी ‘उपयोजन’ आणि ‘पृच्छा’ हे शब्द सुचवता येतील. सोलापुरातली संगणकावर काम करणारी मुले डिप्लॉय ‘मारतात’ आणि एपीआयला ‘हिट’ करतात. या नोंदीत बोलीतलेच शब्द ठेवले आहेत.

एपीआय ही कल्पना प्रथम कोणाची, यावर एकमत नाही. केंब्रिजच्या एडसॅक संगणकासाठी मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी तयार सबरूटीनचा (पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांचा) संग्रह उभारला आणि 1951 मधील आपल्या पुस्तकात त्याचे वर्णन केले. सॉफ्टवेअर अभियंता जोशुआ ब्लॉक यांच्या मते एपीआयचा जन्म तिथेच झाला, फक्त बारसे राहिले होते. हा शब्दप्रयोग आढळतो तो आयरा कॉटन आणि फ्रँक ग्रेटोरेक्स यांच्या 1968 मधील निबंधात, आणि तोही दूरस्थ संगणक-आरेखनाच्या संदर्भात. पुढे 1970 च्या दशकात सी. जे. डेट यांनी तो डेटाबेसच्या चर्चेत आणला. तयार संग्रह वेगळा आणि त्याच्याशी बोलण्याचे ठरलेले नियम वेगळे, असे मानल्यास 1968 हे साल धरणे अधिक सयुक्तिक वाटते. डिप्लॉयमेंटचे अहवाल ज्या वेब-एपीआयतून मिळतात, त्यांपैकी बहुतेक रेस्ट शैलीच्या, म्हणजे वेबपत्त्यावरून नोंद मागवण्याच्या, असतात. त्या शैलीची मांडणी रॉय फील्डिंग यांच्या 2000 मधील प्रबंधातली.

कोड साठवणाऱ्या गिटहब या सेवेच्या रेस्ट एपीआयमध्ये डिप्लॉयमेंटची नोंद आणि तिची स्थिती ही दोन निराळी खाती आहेत. यादी मागवली की काय चढवले ते कळते. यशस्वी झाले की फसले, हे प्रत्येक नोंदीसाठी पुन्हा विचारावे लागते. यादी एन्व्हायर्नमेंटनुसार (सॉफ्टवेअर चाचणीसाठी चढवले की प्रत्यक्ष वापरासाठी, त्या ठिकाणानुसार) गाळता येते, तारखेनुसार नाही. म्हणून मासिक अहवालासाठी पाने उलटत जायचे आणि तारखा आपल्याच प्रोग्रॅममध्ये तपासायच्या. एका पानावर एरवी 30 आणि फार तर 100 नोंदी येतात. आणखी एक खोच अशी, की चाचणीच्या एन्व्हायर्नमेंटवर नवे डिप्लॉयमेंट यशस्वी झाले की आधीच्यावर आपोआप ‘इनॅक्टिव्ह’ हा शेरा पडतो. फक्त शेवटची स्थिती मोजणाऱ्याच्या अहवालात यशस्वी डिप्लॉयमेंट त्यामुळे खऱ्याहून कितीतरी कमी दिसतात. गिटलॅब या तशाच सेवेच्या एपीआयमध्ये मात्र स्थिती आणि वेळ दोन्हींवर गाळता येते.

वेळ जागतिक प्रमाणवेळेत येते. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. समजा, सोलापुरातल्या एखाद्या चादर कारखान्याचे बिलिंग सॉफ्टवेअर दुकान बंद झाल्यावर, 1 फेब्रुवारीला रात्री 2 वाजता बदलले. नोंदीत ते 31 जानेवारी, 20:30 असे दिसेल आणि महिन्याच्या बेरजेत जानेवारीत जाईल. 1 तारखेला पहाटे साडेपाचच्या आत केलेल्या प्रत्येक कामाचे असेच होते. क्वेरीतल्या वेळेपुढे +05:30 लिहिणे किंवा आलेली वेळ आधी बदलून मग मोजणे, हे दोनच मार्ग.

महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत अडचण येते ती दुसरीच. टोकन (आपल्या खात्याची ओळख पटवणारी खूण) न जोडता गिटहबकडे एका आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरच्या क्रमांकरूपी पत्त्यावरून) तासाला 60 मागण्या करता येतात, आणि प्रयोगशाळेतले सगळे संगणक बहुधा एकाच पत्त्याने बाहेर पडतात. 30 नोंदींची यादी आणि प्रत्येकीची स्थिती मिळून 31 मागण्या होतात, दोघांच्या 62. म्हणजे दुसऱ्याचा अहवाल पुरा व्हायच्या आतच नकार येतो आणि तो बिचारा आपल्या कोडमधली चूक शोधत बसतो. टोकन जोडले की मर्यादा तासाला 5,000 होते आणि ती ज्याच्या त्याच्या खात्यावर मोजली जाते.