टायपो सुधारणं वेगळं आणि वाक्य बदलणं वेगळं (चॅट सर्व्हरच्या डॉक्सबद्दल)

ओपन सोर्समधे नवीन माणसाला सगळे हेच सांगतात की आधी डॉक्युमेंटेशनमधले (डॉक्समधले) टायपो शोध, पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल घ्या अशी विनंती) टाक, सुरुवात होईल. सल्ला चांगलाच आहे. पण स्पेलिंग सुधारणं आणि शब्दरचना सुधारणं ही दोन कामं डिफमधे (जुन्या-नव्या मजकुरातला फरक दाखवतात तिथे) अगदी सारखी दिसतात, एक ओळ लाल एक ओळ हिरवी, आणि मग लोक दोन्ही एकाच पीआरमधे कोंबून वर "फिक्स टायपोज" लिहून मोकळे होतात.

फरक ओळखायची माझी पद्धत सोपी आहे. बदललेलं वाक्य वाचून सर्व्हर चालवणारा माणूस आधीपेक्षा काही वेगळं करेल का? नाही करणार तर स्पेलिंग. करेल तर तो अर्थाचा बदल, मग भले एकच शब्द हललेला असो.

सिनॅप्सचं उदाहरण घ्या, मॅट्रिक्स या खुल्या चॅट नेटवर्कचा होमसर्व्हर, म्हणजे युजरची खाती सांभाळणारा सर्व्हर. त्याच्या डॉक्समधे सर्व्हर नेम या सेटिंगबद्दल म्हटलंय की हे नंतर बदलता येत नाही. आता कुणाला ते फार कडक वाटलं आणि त्याने "येत नाही"च्या जागी "बदलू नये" छापाचं काहीतरी लिहिलं, तर व्याकरण बरोबर, स्पेलचेकर गप्प, वाचायलाही गोड. पण वाचणारा समजणार की गरज पडली तर बदलू की. नाही बदलता येत हो, ते नाव प्रत्येक युजर आयडीचा भाग असतं आणि दुसऱ्या सर्व्हरवर पण ते तसंच साठवलेलं असतं.

तिथलंच दुसरं सेटिंग, फेडरेशन डोमेन व्हाइटलिस्ट, म्हणजे आपला सर्व्हर दुसऱ्या कुठल्या सर्व्हरशी बोलणार त्यांची यादी. ते दिलंच नाही तर सगळ्या सर्व्हरशी बोलणं चालू, आणि रिकामी लिस्ट दिली तर कुणाशीच नाही. म्हणजे "दिलेलं नसेल तर" हे लांबट वाटलं म्हणून कुणी "रिकामं असेल तर" केलं की अर्थ पार उलटा झाला!

स्टँडर्डवाल्यांनी हा फरक कधीचाच ओळखलाय. एक्सएमपीपी हा चॅटचाच दुसरा प्रोटोकॉल, त्याचा आजचा मुख्य दस्तऐवज म्हणजे आरएफसी 6120, 2011 चा (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या स्टँडर्डचे क्रमांक दिलेले दस्तऐवज). छापून झालेल्या आरएफसीत कुणी हात घालत नाही, चूक सापडली तर इराटा (चुकीची वेगळी नोंद) नोंदवायचा, आणि नोंदवतानाच सांगावं लागतं की हा एडिटोरियल आहे की टेक्निकल. त्यात अजून एक गंमत. 1997 च्या आरएफसी 2119 ने मस्ट, शुड, मे या शब्दांना ठरावीक वजन दिलं (कुठली गोष्ट किती बंधनकारक ते), आणि 2017 मधे आरएफसी 8174 ने स्पष्ट केलं की ते वजन फक्त कॅपिटलमधे लिहिलं तरच. त्यामुळे "उगीच ओरडल्यासारखं दिसतं" म्हणून कॅपिटलचं स्मॉल करणं हीसुद्धा स्पेलिंग दुरुस्ती नाही!

आता याच्या उलट, जे चुकीचं स्पेलिंग दिसतं पण सुधारायचं नसतं ते. आपण शाळेत ब्रिटिश स्पेलिंग शिकलेली माणसं, ऑथोराइज एसने लिहायची सवय. एक्सएमपीपीमधला नॉट-ऑथोराइज्ड हा एरर झेडने आहे आणि तो वायरवर, म्हणजे नेटवर्कवरून, तसाच जातो. साध्या वाक्यात एस की झेड हा प्रोजेक्टच्या आवडीचा प्रश्न, पण कोडच्या नमुन्यात एस केला की तो कॉपी करणाऱ्याचा क्लायंट त्या एररची कायम वाट बघत बसणार. एचटीटीपीच्या रेफरर हेडरच्या स्पेलिंगमधे तर एक आर खरंच गळलेला आहे, 1996 च्या आरएफसी 1945 मधे तो तसाच आला आणि आजही सगळे तोच चुकीचा लिहितात.

लॉगमधले मेसेज पण याच गटात. सॉफ्टवेअरच चुकीचं स्पेलिंग छापत असेल तर डॉक्समधे तेवढं एक सुधारून उपयोग नाही, कारण लोक लॉगमधली ओळ उचलून डॉक्समधे शोधतात आणि मग काहीच सापडत नाही. बरं, कोडमधे जाऊन सुधारावं तर कुणाच्यातरी फेलटूबॅनचा (लॉग बघून हल्लेखोरांना अडवणारं टूल) रेजेक्स, म्हणजे शोधायचा नमुना, नेमका त्या चुकीच्या शब्दावर उभा असू शकतो. तो बदल डॉक्सचा नाहीच, त्याचा पीआर वेगळा. आणि हेडिंग! एमडीबुकमधे (डॉक्सची वेबसाइट बनवणारं टूल) हेडिंगच्या मजकुरावरूनच अँकर, म्हणजे पानातल्या त्या भागाचा पत्ता, बनतो, म्हणजे तिथला खराखुरा टायपो सुधारला तरी बाहेरून त्या भागावर आलेल्या लिंक नीट पोचत नाहीत.

कोडस्पेलसारखं स्पेलिंग तपासणारं टूल जरूर चालवा, पण त्याच्याकडे नेहमीच्या चुकांची यादी असते, तो शब्द सेटिंगचं नाव आहे की नाही हे त्याला काय माहीत, म्हणून वगळायच्या शब्दांची फाइल आधी बनवा. टायपोचा पीआर कितीही फाइलींचा असू दे, मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारा) भराभर खाली जात बघू शकतो. वाक्याचा बदल मात्र एकेक टाका आणि खाली लिहा की कोडमधे कुठे तपासलं, डिफॉल्ट काय निघालं, कुठल्या व्हर्जनवर चालवून पाहिलं. सिनॅप्समधे तर नुसत्या डॉक्सच्या बदलालाही चेंजलॉगच्या फोल्डरमधे डॉक एक्स्टेन्शनची छोटीशी फाइल लागते, ती राहिली की सीआय (पीआरची आपोआप होणारी तपासणी) लाल होतं, तेव्हा घाबरून पीआर बंद करू नका, फाइल टाका आणि परत पुश करा.