विद्यापीठ ग्रंथालयातील अभियांत्रिकी ग्रंथसंग्रह

अभियांत्रिकीच्या अध्यापनाला आणि संशोधनाला लागणारी छापील व इलेक्ट्रॉनिक साधने ठरवून निवडणे, ती मिळवणे, वाचकाला ती सापडतील अशी व्यवस्था लावणे आणि कालांतराने त्यांतली कोणती ठेवायची व कोणती काढायची याचा निर्णय करणे, हे विद्यापीठ ग्रंथालयाचे अखंड चालणारे काम आहे. या विद्याशाखेच्या ज्ञानाचा फार मोठा भाग पुस्तकांबाहेर असतो. तो मानकांत, पेटंटांत, परिषदांमध्ये सादर झालेल्या निबंधांत, तांत्रिक अहवालांत आणि पदार्थांच्या गुणधर्मांच्या तक्त्यांत विखुरलेला आढळतो. त्यामुळे पुस्तकांच्या संख्येवरून अभियांत्रिकी संग्रहाची योग्यता ठरवता येत नाही. प्रत्येक प्रकारच्या साधनाचे आयुष्य, किंमत आणि वापराची रीत निराळी असते आणि संग्रह उभारणाऱ्याचे कौशल्य हे भेद ओळखण्यात असते.

या संग्रहाला दोन अगदी भिन्न वाचकवर्ग सांभाळावे लागतात. पदवीच्या विद्यार्थ्याला थोडीच पुस्तके लागतात, पण ती एकाच वेळी अनेकांना लागतात. संशोधकाला असंख्य साधने लागतात, पण त्यांतील एखादे वर्षातून एकदाच उघडले जाते. म्हणून पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत शीर्षकांपेक्षा प्रतींची संख्या महत्त्वाची ठरते आणि काही प्रती घरी न देता वाचनकक्षातच राखून ठेवाव्या लागतात. ई-पुस्तक घेतले म्हणजे हा प्रश्न मिटला असे समजले जाते, ते बरोबर नाही. अनेक ई-पुस्तकांच्या परवान्यात एका वेळी एक किंवा तीनच वाचकांना प्रवेश असतो आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात अशा पुस्तकापेक्षा कपाटातल्या दहा प्रती अधिक उपयोगी पडतात. परवान्यातील हे कलम पुस्तकाच्या किमतीइतकेच काळजीपूर्वक वाचायला हवे.

खरेदीला शिस्त यावी म्हणून ग्रंथालय संग्रहविकासाचे लेखी धोरण ठरवते. अमेरिकेतील संशोधन ग्रंथालयांच्या गटाने १९८० च्या सुमारास विकसित केलेली ‘कॉन्स्पेक्टस’ ही मोजपट्टी यासाठी वापरली जाते. तिच्यात प्रत्येक विषयाला शून्य ते पाच अशी पातळी देतात : शून्य म्हणजे विषय संग्रहाच्या कक्षेबाहेर, एक म्हणजे किमान, दोन म्हणजे प्राथमिक माहितीपुरता, तीन म्हणजे अध्यापनाला पुरेसा, चार म्हणजे संशोधनाला पुरेसा आणि पाच म्हणजे सर्वंकष संग्रह. ज्या विद्यापीठात संरचना अभियांत्रिकीत पीएच.डी.चे मार्गदर्शन होते पण खाणकाम शिकवलेच जात नाही, तिथे पहिल्या विषयाला चार आणि दुसऱ्याला एक पातळी देणे योग्य ठरते. प्रत्यक्षात प्रत्येक विभागाला आपला विषय चौथ्या पातळीवर हवा असतो आणि निधी मात्र तिसऱ्या पातळीलाही अपुरा पडतो. तेव्हा धोरणातला आकडा हा दावा न मानता जबाबदारी मानणे शहाणपणाचे असते.

विषयांच्या सीमाही धूसर झाल्या आहेत. ड्यूई दशांश वर्गीकरणात अभियांत्रिकी ६२० च्या गटात येते, रासायनिक तंत्रज्ञान ६६० मध्ये आणि संगणकशास्त्र थेट ००४ ते ००६ मध्ये. विद्युतघटावर संशोधन करणारा यांत्रिक अभियंता रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान, उष्णता-संक्रमण आणि नियंत्रण प्रणाली या चारही विषयांतले वाचतो. विभागवार निधी वाटून दिला की अशा वाचकाची गरज कुणाच्याच वाट्याला येत नाही. त्यामुळे आंतरविद्याशाखीय खरेदीसाठी थोडा निधी ग्रंथपालाच्या हाती वेगळा ठेवण्याची पद्धत उपयुक्त ठरते.

शोधपत्रिकांची निवड कशी करावी, याचा पाया घालणारा अभ्यास योगायोगाने अभियांत्रिकीशी निगडित विषयांवरच झाला. लंडनच्या विज्ञान संग्रहालयाच्या ग्रंथालयाचे प्रमुख सॅम्युएल ब्रॅडफर्ड यांनी १९३४ मध्ये उपयोजित भूभौतिकी आणि वंगण या दोन विषयांवरचे लेख कोणकोणत्या पत्रिकांत विखुरले आहेत, हे मोजून दाखवले. भूभौतिकीचे १,३३२ लेख ३२६ पत्रिकांत आढळले. त्यांतील ४२९ लेख केवळ ९ पत्रिकांत होते, पुढचे ४९९ लेख ५९ पत्रिकांत आणि उरलेले ४०४ लेख तब्बल २५८ पत्रिकांत. म्हणजे पहिला एक-तृतीयांश भाग मिळवायला नऊ वर्गण्या पुरतात, तर शेवटचा तेवढाच भाग मिळवायला अडीचशेहून अधिक वर्गण्या भराव्या लागतात. गाभ्याच्या पत्रिका आपण घ्याव्यात आणि परिघावरचे लेख आंतरग्रंथालयीन देवघेवीतून मागवावेत, हे धोरण या आकड्यांतून सरळ निघते. मात्र गाभा एकदाच ठरवून चालत नाही. विषय सरकला की गाभाही सरकतो, हे नूतनीकरणाची यादी डोळे मिटून मंजूर करणाऱ्या ग्रंथालयांना उशिरा कळते.

संगणक आणि विद्युत अभियांत्रिकीत परिषदेतला निबंध बऱ्याचदा पत्रिकेतल्या लेखाइतकाच, कधी त्याहून अधिक मानाचा असतो. आयईईई ही १९६३ मध्ये दोन जुन्या संस्थांच्या विलीनीकरणातून झालेली विद्युत व इलेक्ट्रॉनिक अभियंत्यांची संघटना आणि संगणकशास्त्रातील एसीएम ही संघटना यांची डिजिटल ग्रंथालये म्हणूनच या शाखांसाठी अटळ मानली जातात. स्थापत्यात परिस्थिती वेगळी आहे. तिथे पत्रिका, हस्तपुस्तिका आणि मानके यांचे वजन जास्त असते. वाङ्मय किती वेगाने जुने होते, हेही शाखेगणिक बदलते. बर्टन आणि केबलर यांनी १९६० मध्ये संदर्भांच्या वयावरून ‘अर्धायुष्य’, म्हणजे उद्धृत केलेल्यांपैकी निम्मे साहित्य ज्या कालावधीतले असते तो, काढले, तेव्हा ते धातुशास्त्रीय अभियांत्रिकीत ३.९ वर्षे, रासायनिक अभियांत्रिकीत ४.८, यांत्रिक अभियांत्रिकीत ५.२ आणि गणितात १०.५ वर्षे भरले. हे आकडे जुने आहेत, शिवाय ते फक्त लेखक काय उद्धृत करतात एवढेच सांगतात; कारखान्यात किंवा बांधकामाच्या जागेवर काम करणारा अभियंता काय उघडून पाहतो, याची नोंद त्यांत नाही.

मानकांचा संग्रह हा या सगळ्यातला सर्वांत नाजूक आणि सर्वांत दुर्लक्षित भाग होय. एएसटीएम ही पदार्थांच्या चाचणीची मानके काढणारी संस्था १८९८ मध्ये, विद्युत क्षेत्रातील आयईसी १९०६ मध्ये आणि सर्व क्षेत्रांची आंतरराष्ट्रीय मानके काढणारी आयएसओ १९४७ मध्ये कार्यरत झाली. आयएसओच्या मानकांचा साधारण दर पाच वर्षांनी फेरविचार होतो. अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेची बाष्पित्र व दाबपात्र संहिता १९१४ च्या आवृत्तीपासून सुरू झाली आणि आता ती दर दोन वर्षांनी नव्याने निघते. प्रत्येक देशाची राष्ट्रीय मानके याशिवाय असतात. ही सारी मानके विकत घेणे कोणत्याही विद्यापीठाला परवडत नाही. म्हणून ज्या चाचण्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष केल्या जातात आणि ज्या संहिता आराखड्याच्या अभ्यासक्रमात शिकवल्या जातात, तिथून सुरुवात करून यादी वाढवणे व्यवहार्य ठरते.

इथे एक खाचखळगा आहे. नवे मानक आले की जुने रद्द होते आणि ऑनलाइन वर्गणीत बहुधा चालू आवृत्तीच दिसते. पण वास्तू मानकांपेक्षा जास्त जगतात. साठ वर्षांपूर्वीचा पोलादी पूल आजची वाहतूक पेलेल का, हे तपासणाऱ्या संशोधकाला तो पूल ज्या संहितेप्रमाणे बांधला गेला तीच संहिता हवी असते. पोलादाचे अनुज्ञेय प्रतिबल तेव्हा किती धरले होते, चाकांच्या भाराचे गृहीत काय होते, रिव्हेटच्या जोडाला कोणता सुरक्षा-गुणक लावला होता, हे आजच्या आवृत्तीत कुठेच सापडत नाही. त्यामुळे रद्द झालेल्या मानकांच्या छापील प्रती ‘कालबाह्य’ असा ठळक शिक्का मारून वेगळ्या ठेवाव्यात, फेकू नयेत. शिक्का मात्र हवाच. जुन्या मानकावरून नवा आराखडा करणारा विद्यार्थी हा धोका काल्पनिक नाही.

पेटंटांसाठी आज फारसा खर्च करावा लागत नाही. युरोपीय पेटंट कार्यालयाची १९९८ पासूनची ‘एस्पेसनेट’ सेवा १५ कोटींहून अधिक दस्तऐवज विनामूल्य दाखवते. ग्रंथालयाने इथे खरेदीऐवजी शिकवण्यावर भर द्यावा, कारण पेटंटाची भाषा मुद्दाम व्यापक केलेली असते आणि केवळ शब्द टाकून शोध घेणाऱ्याच्या हाती थोडेच लागते. आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरणाचा क्रमांक धरून शोधले तर तेच काम नेमके होते. तांत्रिक अहवालांचीही अशीच कथा आहे. अमेरिकेच्या ‘नाका’ या वैमानिकी समितीने १९१५ ते १९५८ या काळात काढलेल्या अहवालांतील पंखांच्या आडव्या छेदांची मोजमापे अजूनही वापरात आहेत आणि ती खुली उपलब्ध आहेत. अशी साधने ग्रंथालयाच्या तालिकेत नोंदली नाहीत, तर वाचकाच्या दृष्टीने ती नसल्यासारखीच असतात.

शोधाची साधने हा संग्रहाचाच भाग मानावा लागतो. सेंट लुईस येथील स्थापत्याचे प्राध्यापक जॉन बटलर जॉन्सन यांनी १८८४ मध्ये अभियांत्रिकी लेखांची टिपणांसह सूची सुरू केली. तीच पुढे ‘इंजिनिअरिंग इंडेक्स’ झाली आणि आज ‘कॉम्पेंडेक्स’ या डेटाबेसच्या रूपात चालू आहे. १८९८ मध्ये सुरू झालेल्या ‘सायन्स ॲब्स्ट्रॅक्ट्स’ या सारसंग्रहातून पुढे ‘इन्स्पेक’ उभे राहिले. सर्वसाधारण शोधयंत्रे फुकट असताना या महागड्या वर्गण्या कशासाठी, असा प्रश्न अंदाजपत्रकाच्या बैठकीत हमखास निघतो. विषयतज्ज्ञांनी नेमून दिलेल्या नियंत्रित संज्ञा (एका कल्पनेसाठी एकच ठरलेला शब्द) आणि शोध पुन्हा तंतोतंत करता येण्याची सोय हे त्याचे उत्तर असते. पूर्वसंशोधनाचा पद्धतशीर आढावा घेणाऱ्याला त्यांची किंमत लगेच कळते.

निधीचा मोठा हिस्सा पत्रिका आणि डेटाबेस यांच्या वार्षिक वर्गण्या खाऊन टाकतात. पुस्तक एकदा घेतले की प्रश्न संपतो, वर्गणी दरवर्षी वाढत्या दराने भरावी लागते आणि तुटीच्या वर्षी कात्री पुस्तकांना लागते. प्रकाशकाचा सारा पत्रिकासंच एकत्र घेण्याच्या करारांनी शीर्षके वाढली, पण निवडीचा अधिकार गेला. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ मध्ये एल्सव्हिअर या मोठ्या प्रकाशकाशी असलेला करार संपवला आणि २०२१ मध्ये मुक्त प्रकाशनाचा समावेश असलेला नवा करार केला. अनेक ग्रंथालयांना एकत्र येऊन वाटाघाटी करण्याचे बळ यातून जाणवले. १९९१ पासूनचे ‘आर्काइव्ह’ हे पूर्वमुद्रितांचे, म्हणजे पत्रिकेत छापण्यापूर्वीच्या लेखांचे, भांडार आणि २००२ च्या बुडापेस्ट घोषणेनंतर पसरलेली मुक्त प्रवेशाची, म्हणजे संशोधन सर्वांना विनामूल्य वाचता यावे याची, चळवळ यांमुळे काही शाखांतला ताण हलका झाला आहे, सर्वांतला नाही. करार संपल्यावर आधी पैसे भरलेल्या वर्षांचे अंक दिसत राहतील का, हे कलम सहीपूर्वी तपासणे अत्यावश्यक आहे. ‘लॉक्स’ आणि ‘पोर्टिको’ यांसारख्या जतनव्यवस्था प्रकाशक बंद पडल्यास उपयोगी येतात.

निवड बरोबर ठरली का, हे पाहण्यासाठी वापराची आकडेवारी घेतात. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या गाजलेल्या अभ्यासात १९६९ साली घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तके पुढच्या सहा वर्षांत एकदाही घरी नेली गेली नव्हती. त्याच साली औद्योगिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक रिचर्ड ट्रूसवेल यांनी सुमारे २० टक्के संग्रहातून ८० टक्के देवघेव होते, असे मांडले. इलेक्ट्रॉनिक साधनांसाठी ‘काउंटर’ या संकेताप्रमाणे प्रकाशकांकडून एकसारखे अहवाल मिळतात. हे आकडे उपयोगी आहेत, पण एका पुलाची सुरक्षा ठरवणारी संहिता वर्षातून एकदाच उघडली गेली, तर आकड्यांच्या लेखी ती निरुपयोगीच ठरते. वापरावर आधारलेली खरेदी, म्हणजे वाचकाने ई-पुस्तक ठरावीक मर्यादेपलीकडे उघडल्यावरच त्याचे पैसे देण्याची पद्धत, पदवी स्तरावर चांगली चालते. संशोधनाच्या गाभ्यासाठी तिच्यावर विसंबू नये.

संग्रहातून काय काढायचे हा निर्णयही प्रकारानुसारच करावा लागतो. जुन्या सॉफ्टवेअर आवृत्तीची मार्गदर्शिका, पाठ्यपुस्तकाच्या मागच्या आवृत्तीच्या जादा प्रती आणि ज्यांचे डिजिटल रूप कायमस्वरूपी हक्काने मिळाले आहे असे पत्रिकांचे खंड निःशंकपणे काढता येतात. द्रवगतिकी, पदार्थबल किंवा वाफेचे गुणधर्म यांवरची जुनी मोजमापे आणि स्थानिक भूस्तरांचे अहवाल काढताना हात आखडता घ्यावा. दुर्मीळ खंड काढण्यापूर्वी तो अन्य कुणाकडे आहे का, हे अनेक ग्रंथालयांच्या संयुक्त तालिकेत पाहण्याचा प्रघात आहे आणि शेवटची प्रत असल्यास ती मोठ्या राखीव संग्रहाकडे सोपवतात. न्यूयॉर्कच्या अभियंता-संस्थांचे सामायिक ग्रंथालय बंद झाले, तेव्हा १९९५ मध्ये त्याचा संग्रह कॅन्सस सिटीच्या लिंडा हॉल ग्रंथालयाने स्वीकारला आणि तो आजही तिथे वाचकांना उपलब्ध आहे.